घाटावर निघालेल्या सायकली

माळशेज घाट उतरून भाजी घेऊन आलेले पिकअप कल्याणच्या बाजार समितीत पहाटेच रिकामे होतात. ओतूर, आळेफाटा, जुन्नर या बाजूची मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, कांदा उतरला, हिशेब झाला, चहा झाला की ड्रायव्हर परतीच्या भाड्याची वाट बघतो. रिटर्न भाडं मिळालं तर डिझेलचे पैसे सुटतात, नाहीतर गाडी रिकामीच घाट चढते. उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून निघालं की शहाडचा पूल, आणि तिथून सरळ लागतो तो कल्याण-मुरबाड रस्ता. त्या गाड्या परत जातात त्या याच रस्त्याने. आपल्या भागातल्या ज्या कुटुंबांना सुट्टीत तंबू घेऊन घाटावर जायचं आहे आणि मुलांच्या सायकलीही सोबत न्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही. हा लेख त्या सोयीबद्दल आहे. ती वापरायची तर सायकल कशी बांधायची, कुठे न्यायची आणि कुठे अजिबात न्यायची नाही, याबद्दलही आहे.

सायकल चालवायची वस्तू आहे, मग ती वाहून का न्यायची, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर कॅम्प १ च्या गल्लीत उभं राहिलं की मिळतं. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणचा लष्करी तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्याच लांबलचक बराकींमध्ये जागा दिली गेली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर नाव मिळालं. एकेका बराकीच्या खोल्या झाल्या, खोल्यांना पुढे पडव्या आल्या, पडव्यांवर मजले चढले. आजही पत्त्यात बराक नंबर लिहिला जातो. ही सगळी वाढ झाली ती मधल्या मोकळ्या जागेत. जिथे पूर्वी पोरं गोल गोल सायकल फिरवत, तिथे आता दोन्ही बाजूंना स्कूटर उभ्या असतात आणि मधून रिक्षा जाते. गल्लीबाहेरच्या मुरबाड रोडवर डंपर, ट्रक, रेतीच्या गाड्या. दहा वर्षांच्या मुलीला त्या रस्त्यावर सायकल घेऊन सोडायला कुठल्याही आईबापाचं मन धजत नाही. अंबरनाथला तीच गत. बदलापूर पश्चिमेला मूळगावच्या पुढे बारवी धरणाकडे जाणारा रस्ता सकाळी लवकर बरा असतो, पण तोही मोठ्यांसाठी. लहान मुलाला न घाबरता दोन तास सायकल चालवायची असेल तर सायकल उचलून तिथवर न्यावी लागते जिथे रस्त्याला रहदारी नाही. मला हे वाईट वाटतं. पण पोरांचं बालपण रस्ते सुधारायची वाट बघत थांबणार नाही.

परदेशात या प्रश्नाचं उत्तर गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घराने दिलं आहे. अमेरिकेत, जर्मनीत, नेदरलँड्समध्ये कुटुंबं गाडीच्या हुकाला कॅरव्हॅन जोडतात, तिच्यावर सायकली चढवतात आणि आठवडाभर बाहेर राहतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही भाड्याने अशी कॅरव्हॅन घेऊन सुट्टीत हिंडतात. आपल्याकडेही त्याची सुरुवात झाली आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात फिरत्या गाड्या आणि त्या उभ्या करायला वीज, पाणी, स्वच्छतागृह असलेले तळ, अशा दोन्ही गोष्टींचा विचार आहे. पण आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक स्वतःचं इंजिन असलेल्या, ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणाऱ्या गाड्या. मागे ओढून न्यायचं घर फारच विरळा. त्याला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि अनेक छोट्या मोटारींच्या पुस्तिकेत किती वजन ओढायचं याचा आकडाच नसतो. बराकीच्या गल्लीत ते उभं कुठे करणार हा प्रश्न तर नोंदणीच्याही आधीचा. मुळात ज्या गल्लीत अँब्युलन्स वळत नाही तिथे ट्रेलर वळणार नाही.

तरीही त्या ट्रेलरकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की धुरजड होते, बैलांची मान दबते. गाडीवान पोती पुढेमागे सरकवतो, जू नुसतं टेकेल इतका भार पुढे ठेवतो आणि मगच निघतो. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हाच नियम आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. आता समजा हजार किलोचा ट्रेलर आहे, हुकावर शंभर किलो आहेत, आणि आखापासून हूक साडेतीन मीटर पुढे आहे. लोक काय करतात, तर ट्रेलरच्या अगदी मागच्या भिंतीला, आखापासून तीन मीटर मागे, सायकलींचा स्टँड लावतात. स्टँड आणि चार सायकली मिळून पंचाहत्तर किलो. तरफेच्या हिशेबाने तेवढ्याने हुकावरचे चौसष्ट किलो उचलले जातात. उरतात छत्तीस, म्हणजे एकूण वजनाच्या साडेतीन टक्केही नाहीत. असा ट्रेलर वेग घेतला की मागून डोलायला लागतो. एखादा मोठा ट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा झोत बसला, उतारावर जरा ब्रेक लागला की ते डोलणं वाढत जातं, आणि शेवटी मागचं घर पुढच्या गाडीला ओढू लागतं. सायकली वजनाने हलक्या, पण जागा चुकली की त्यांचा भार असा वाढतो. म्हणून युरोपात बरेच लोक सायकलींचा स्टँड पुढे, हूक आणि घर यांच्या मधल्या दांड्यावर लावतात, तोही हुकाला झेपेल तेवढंच वजन बघून. सगळ्यात उत्तम म्हणजे सायकली आत, आखाच्या वर आडव्या. तिथे त्या ना पुढे दाबतात ना मागे उचलतात.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण टेम्पोत सामान भरतानाही हाच हिशेब लागतो, आणि तो न करता निघणारे लोक पुष्कळ आहेत.

मोटारीवर सायकल नेण्याचे तीन प्रकार बाजारात मिळतात. टपावरचा स्टँड, डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा स्टँड, आणि हुकावर बसणारा स्टँड. टपावरचा मजबूत असतो, पण गाडीची दीड मीटर उंची आणि वर उभ्या सायकलीची मीटरभर, म्हणजे अडीच मीटरच्या वर गेलंच. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याआधी आडवा लोखंडी बार असतो, मॉलच्या तळघरातल्या पार्किंगला असतो. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला टपावर सायकल आहे याचा विसर पडतो आणि तिथेच घात होतो. शिवाय टपावर किती किलो चालतात तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो आधी बघावा. डिकीला अडकवायचा स्टँड स्वस्त म्हणून लोक घेतात. त्याच्या पट्ट्या पत्र्याच्या कडेला आणि काचेला अडकतात, खड्ड्यागणिक सायकल हेलकावे खाते, आणि घाटापर्यंत पोचेतो पट्टी सैल झालेली असते. एकटीदुकटी हलकी सायकल जवळच्या जवळ न्यायला ठीक. चार सायकली, घाट आणि मागच्या सीटवर मुलं असं असेल तर मी तो सुचवणार नाही.

कायद्याकडेही बघायला हवं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या बाहेर माल आला तर वीस हजार रुपये दंड आहे, आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले गेले तर ती वेगळी अडचण. हँडलचं टोक गाडीच्या बाजूला हातभर बाहेर आलेलं असतं आणि शेजारून मोटारसायकलवाला जात असतो. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी त्या माणसासाठी तरी हँडल आत असायला हवं.

रेल्वेचा रस्ता या प्रवासाला उपयोगी नाही, कारण मुरबाडला रेल्वे नाही. तरी सांगून ठेवतो. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकल न्यायची तर पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये द्यावी लागते. तिकिटावर सामानाची जी मोफत सवलत असते ती सायकलला लागू नाही. मुंबईत 2022 मध्ये सुरू झालेल्या नव्या मेट्रो मार्गांवर प्रवाशांना सायकल घेऊन चढता येतं. आपल्या लोकलमध्ये मालडबा आहे, पण गर्दीच्या वेळी बदलापूर लोकलच्या मालडब्यात कोण कोण उभं असतं हे ज्याने पाहिलंय त्याला मुलाची सायकल तिथे न्यायला मी सांगू शकत नाही.

म्हणून पिकअप. किंवा 2005 साली आलेला, सगळ्या महाराष्ट्राने छोटा हत्ती म्हणून घरात घेतलेला टाटा एस. त्याचा हौदा सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद. मोठ्या माणसाची सायकल पावणेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे लांबीला आत बसते, फळका बंद होतो, काही बाहेर राहत नाही. दंडाचा प्रश्न तिथेच मिटला. गाडीवर पिवळी पाटी आहे ना, कागदपत्रं आहेत ना, एवढं बघून घ्यायचं. आणि उल्हासनगरात बांधणारे हात आहेत. फर्निचर बाजारातून रोज कपाटं, काचेची शोकेस, पॉलिश केलेले पलंग टेम्पोत चढतात आणि ओरखडा न येता नाशिक, पुण्यापर्यंत पोचतात. ती बांधणी मी खूपदा उभा राहून पाहिली आहे. लाकडाच्या कोपऱ्याला पुठ्ठा, काचेला गोधडी, दोरीखाली गोणपाट, आणि दोरी कुठेही पॉलिशवर घासत नाही. दोरी ओढणारा माणूस पाय फळक्याला लावून मागे झुकतो, गाठ मारतो आणि मग तळहाताने दोरीवर थाप मारून आवाज ऐकतो. सायकलीसाठी लागणारं जवळजवळ सगळं ज्ञान यात आहे.

सायकलीसाठी त्यात थोडी भर घालावी लागते, आणि ती सायकल दुरुस्तीवाल्याकडून शिकावी. पहिली गोष्ट पेडल. दोन सायकली शेजारी लावल्या की एकीचं पेडल दुसरीच्या तारांमध्ये घुसतं आणि घाटातल्या हादऱ्यांनी दोन-तीन तारा वाकतात. म्हणून एकाआड एक सायकलीचं आतल्या बाजूचं पेडल काढावं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेली माणसं जोर लावून लावून आटे खराब करतात. सोपी खूण अशी की पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं सुटतात. दुसरी गोष्ट गिअर. मागच्या चाकाजवळ गिअर बदलणारा जो भाग लोंबतो तो सायकलीचा सगळ्यात नाजूक अवयव. निघण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर घ्यावी, म्हणजे तो भाग चाकाच्या आडोशाला आत जातो. ती बाजू कधी दुसऱ्या सायकलीला टेकू द्यायची नाही. तिसरी गोष्ट डिस्क ब्रेक. जागेसाठी चाक काढलं असेल तर ब्रेकच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवायचा. नाहीतर चुकून लिव्हर दाबली जाते, आतले पॅड एकमेकांना चिकटतात, आणि घाटावर पोचल्यावर चाक आत जात नाही. तिथे जवळपास मेकॅनिक नसतो.

मग चढवणी. सगळ्यात जड सायकल आधी, हौद्याच्या एका कडेला. आपली जुनी काळी सायकल असेल तर ती वीस किलोच्या पुढे जाते. गिअरवाली बारा-पंधरा किलोची. बॅटरीची असेल तर तीही जड, आणि बॅटरी काढून आपल्या गाडीत घ्यावी. एका सायकलीचं हँडल केबिनकडे, दुसरीचं फळक्याकडे, असं आलटून पालटून लावलं की हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि पाच फुटांच्या रुंदीत चार सायकली सहज मावतात. प्रत्येक दोघींच्या मध्ये उभा पुठ्ठा. मुलांची छोटी सायकल शेवटी, कारण मुक्कामावर मुलं पहिली तीच मागणार. दोरी बांधायची ती सीटखालच्या दांड्याला आणि पुढच्या फोर्कच्या मुळाशी. चाकाच्या रिमला नाही, ब्रेकच्या वायरीला तर मुळीच नाही. ट्रकवाले वापरतात तो दातेरी पट्टा कसताना हात आवरावा. त्याची ताकद सिमेंटच्या पोत्यांसाठी आहे, सायकलीची पातळ नळी त्याने चेपते, आणि कार्बनची फ्रेम असेल तर तिला तडा जातो. इलॅस्टिकच्या रंगीत दोऱ्या हुकांसकट विकत मिळतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. त्या ताणल्या जातात म्हणजेच सायकलीला हलू देतात. त्यापेक्षा सायकलवाल्याकडे पडलेल्या जुन्या ट्यूब मागून घ्याव्यात, त्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापाव्यात. फ्रेमला फ्रेम बांधायला या पट्टीसारखं काही नाही. रबर रंग खरवडत नाही, गाठ सुटत नाही, आणि ती फुकट मिळते.

तंबू, भांडी, पाण्याचे कॅन, गाद्या हे सगळं सायकलींच्या पुढे केबिनला लागून खाली भरावं. जड माल मागच्या फळक्याला टेकवून ठेवला की चढावर हौदा मागे बसतो, पुढची चाकं हलकी होतात. तेच बैलगाडीचं गणित. गॅसची टाकी सायकलींशेजारी मोकळी ठेवू नये, ती वेगळी, उभी आणि बांधलेली असावी. वरून ताडपत्री, कारण धूळ चेनमध्ये बसते.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. हौद्यात माणसं बसवू नका. सायकली आणि गाद्या भरल्यावर मुलं हमखास म्हणतात, आम्ही इथेच बसतो, आणि मोठ्यांनाही क्षणभर ते गोड वाटतं. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा तर आहेच, पण खरा धोका असा की अचानक ब्रेक लागला तर बांधलेल्या सायकलींची टोकं थेट मुलांच्या अंगावर येतात. कुटुंबाने आपल्या मोटारीने किंवा एसटीने जावं, सायकली पिकअपने. ड्रायव्हरशी दर, उतरवण्याची जागा आणि चढ-उताराची हमाली कोणाची, हे निघण्याआधी बोलून घ्यावं. वाटेत सायकलीचं काही झालं तर गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून त्याची भरपाई होत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. म्हणूनच बांधणी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी. ड्रायव्हरला दादा म्हणून सोबत चहा घेतला, मुलांची ओळख करून दिली की तोही त्या सायकली स्वतःच्या घरच्या असल्यासारख्या सांभाळतो, असा माझा अनुभव आहे.

शहाडहून निघालं की म्हारळ, वरप, कांबा मागे पडतात आणि रायत्याला उल्हास नदीचा पूल येतो. पावसाळ्यात उल्हासला पूर आला की या पुलावरून पाणी जाऊन रस्ता बंद पडतो. पावसाळ्यात हा बेत करायचाच नाही, त्याचं हे पहिलं कारण. माळशेजमध्ये दरडी कोसळतात, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, आणि धबधबे, धरणं अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या प्रवासाचा. गोवेलीच्या फाट्यावर थांबून दोऱ्या तपासायच्या. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये माल खाली बसतो आणि दोरी सैल पडते. इथे एकदा ताणून घेतली की मग मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत घाटाच्या पायथ्यापर्यंत काळजी नाही.

घाट मात्र सायकलीवरून मुलांनी चढायचा वा उतरायचा नाही. वळणं आंधळी आहेत, भाजीच्या गाड्या, नगरकडच्या एसट्या, ट्रक सगळे त्याच दोन पदरांवरून जातात. सायकली वाहून आणायच्या त्या यासाठीच. घाट संपला, सपाटी लागली की डाव्या हाताला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसतं आणि खुबी फाटा येतो. हरिश्चंद्रगडाला जाणारे ट्रेकर इथे उतरतात आणि धरणाच्या बांधावरून पाचेक किलोमीटर चालत खिरेश्वरला पोचतात. तीच वाट सायकलीची. एका हाताला पाणी, समोर हरिश्चंद्रगडाचा सरळसोट डोंगर, आणि रहदारी जवळजवळ नाहीच. गल्लीत आयुष्य गेलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा समजतं की सायकल सरळ रेषेत, न थांबता, घंटी न वाजवता इतका वेळ चालवता येते. पहिल्या काही मिनिटांत ते सवयीने ब्रेकवर बोटं ठेवून चालवतं. मग हळूहळू बोटं सैल होतात, खांदे खाली येतात, आणि बघता बघता ते मोठ्यांच्या पुढे निघून जातं. वारा दुपारनंतर जोरात असतो, तेव्हा बांधावर सकाळीच जावं. मुलं रस्त्याच्या मधोमध आणि पाण्याच्या बाजूला मोठं माणूस, अशी रांग ठेवावी.

खिरेश्वर हे गडाच्या पायथ्याचं गाव. नागेश्वराचं प्राचीन, कोरीव छताचं मंदिर इथे आहे. ट्रेकरांची ये-जा असल्याने गावातली घरं जेवण देतात, अंगणात किंवा शेतात तंबू लावू देतात. विचारून, पैसे ठरवून, शेतात पीक नाही ना हे बघून तंबू टाकावा. धरणाच्या काठावर परवानगीशिवाय, आणि पाण्याला अगदी लागून तर कधीच टाकू नये. हा जुन्नर तालुका आहे, बिबट्याचा वावर इथे रोजचा. तालुक्यातच माणिकडोहला वन विभागाचं बिबट्या निवारा केंद्र आहे. म्हणजे दिवस मावळला की सायकली बंद, मुलं आत, आणि उरलेलं अन्न बाहेर टाकायचं नाही. गावातली माणसंही हेच सांगतात, आणि त्यांचं ऐकावं. रात्री सायकली एकत्र करून एकाच साखळीने अंगणातल्या खांबाला बांधल्या की पुरे.

जाताना रिटर्न भाड्याने काम स्वस्तात होतं, येताना तसं होत नाही. संध्याकाळी घाटावरून कल्याणकडे निघणारी प्रत्येक गाडी भाजीने भरलेली असते. तिच्यावर सायकली चढवणं म्हणजे कोणाच्या तरी कष्टाची कोथिंबीर चिरडणं. परतीसाठी दुपारी रिकामी उतरणारी गाडी आधीच ओतूरला ठरवून ठेवावी लागते, आणि तिचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. हे ज्यांना परवडतं ते जातात. ज्यांना परवडत नाही, आणि कॅम्प १ च्या बराकींमध्ये तीच घरं जास्त आहेत, त्यांची मुलं मुरबाड रोडच्या कडेला डंपरच्या सावलीतच सायकल शिकतात.

त्यांच्यासाठी एसटी आहे. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. पुढे कितीतरी वर्षं एसटीच्या टपावर लोखंडी कठडा असायचा, मागे शिडी असायची, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं त्या टपावरून गेलं. सायकलीही गेल्या. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा आणि पोरगा शिडीवरून सायकल वर द्यायचा. नव्या गाड्यांना तो टप राहिला नाही. अमेरिकेत सिएटलच्या सरकारी बसला पुढच्या बाजूला घडीचा लोखंडी स्टँड असतो. प्रवासी स्वतः सायकल त्यात उभी करतो, वरून आकडा लावतो आणि आत जाऊन बसतो. आपल्या घाटात पुढचा स्टँड चालणार नाही, वळणावर ड्रायव्हरला रस्ता दिसला पाहिजे. पण कल्याणहून आळेफाट्याकडे आणि नगरकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी सकाळच्या एका गाडीत, हिवाळ्याच्या महिन्यांपुरत्या, मागच्या दोन सीट काढून तिथे तीन-चार आकडे बसवता येतील. त्यासाठी ना नवीन गाडी लागते ना नवा मार्ग. खुबी फाट्यावर ती गाडी तशीही थांबतेच. सायकलीचं अर्धं तिकीट लावलं तरी घरातली माणसं ते आनंदाने काढतील. कल्याण आगारात असा अर्ज कोणीही देऊ शकतं. शाळा देऊ शकते, सोसायटी देऊ शकते, सायकल चालवणाऱ्यांचा एखादा गट देऊ शकतो. अर्जात मार्ग लिहावा, वेळ लिहावी, किती सायकली ते लिहावं, आणि सोबत मागच्या सीटच्या जागेचं फुटांत माप काढलेलं एक साधं चित्र जोडावं.